सकाळचं बारा, संध्याकाळचं पंधरा आणि बंद झालेला प्रश्न

ताई, नमस्कार.

मी फलटण तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा सगळी मराठी माध्यमातून झाली. आमच्या घरी चार गाई आहेत, डेअरीला दूध घालतो. दहा दिवसांनी बिल येतं तेव्हा बाबा वहीतले आकडे जुळवत बसतात, म्हणून मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध टाकायचं, बेरीज घ्यायची, एवढंच. पण सकाळचं १२ आणि संध्याकाळचं १५ टाकलं की उत्तर यायचं १२१५. दोन दिवस डोकं लावलं. शेवटी प्रोग्रॅमिंगचे प्रश्न विचारतात अशा एका मोठ्या ठिकाणी खातं उघडून इंग्रजीत प्रश्न टाकला. ‘रिस्पेक्टेड सर, आय हॅव अ डाउट’ अशी सुरुवात केली, मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून जोडला, शेवटी ‘अर्जंट, थँक्स इन ॲडव्हान्स’ लिहिलं.

अर्ध्या तासात वाचणाऱ्यांनी माझ्या प्रश्नाला उणे तीन गुण दिले. कुणीतरी माझं ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘थँक्स’ दोन्ही खोडून टाकलं. एकाने विचारलं, तुम्ही स्वतः काय प्रयत्न केला? आणि मग प्रश्नच बंद केला, ‘हा आधी विचारला गेला आहे’ म्हणून. त्यांनी दिलेली लिंक उघडली तर तिथे भलतंच काहीतरी. मी प्रश्न डिलीट केला. त्या रात्री झोप लागली नाही. मैत्रीण म्हणते, चॅटबॉटला विचार, माणसांच्या नादी कशाला लागतेस. कॉलेजातले सर म्हणतात, ते लोक तसेच असतात. माझं इंग्रजी वाईट म्हणून असं झालं का? आपल्यासारख्यांनी तिथे जाऊच नये का?

– एक वाचक, जिल्हा सातारा

*

तुला,

आधी तुझ्या दुधाचं बघू. एवढ्या सगळ्या प्रकारात तुझा मूळ प्रश्न तसाच राहिलाय.

पायथनमध्ये ‘इनपुट’ वापरून आपण जे काही टाइप करतो, ते त्याच्या हातात अक्षरं म्हणून पडतं. तू १२ टाकलंस तेव्हा त्याला बारा ही संख्या मिळाली नाही, ‘१’ आणि ‘२’ अशी दोन अक्षरं लिहिलेली एक चिठ्ठी मिळाली. संध्याकाळची दुसरी चिठ्ठी, ‘१५’. अधिकचं चिन्ह दोन चिठ्ठ्यांमध्ये आलं की पायथन त्या शेजारी शेजारी चिकटवतो, म्हणून १२१५. चिठ्ठीवरचं वाचून त्याची संख्या कर, असं त्याला सांगावं लागतं. ते करणारं एक फंक्शन आहे ‘इंट’ आणि दुसरं ‘फ्लोट’. तू फ्लोट वापर, आणि इनपुट त्याच्या कंसात टाक. इंट फक्त पूर्ण संख्या घेतं. डेअरीच्या काट्यावर साडेबारा लिटर भरलं आणि तू १२.५ टाकलंस, की इंट तिथेच ‘व्हॅल्यूएरर’ नावाची चूक दाखवून थांबेल. पुढे दर आणि रुपये आले की ‘डेसिमल’ नावाचा प्रकार शोधून वाच. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ होत नाही, शेवटी बारीकसा फरक उरतो, आणि बाबांच्या हिशेबात तो नको.

झालं. पाच-सहा ओळींचं उत्तर होतं. ते तुला त्या दिवशी मिळालं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. का मिळालं नाही ते आता सांगते. त्यात थोडा दोष तुझ्या प्रश्नाचा आहे, पण जास्त दोष दुसरीकडे आहे.

तुझ्याबाबतीत हे नेमकं कुठे घडलं ते तू लिहिलं नाहीस, आणि मलाही ते नको. समजवण्यापुरतं उदाहरण म्हणून मी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ घेते, कारण तिथले नियम उघड आहेत आणि बाकीच्या बऱ्याच ठिकाणांनी थोडेफार तेच उचललेत. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी ते २००८ साली सुरू केलं. त्याआधी आमची अवस्था अशी होती, की एखादी एरर शोधायला बसलं की पानंच्या पानं गप्पा वाचाव्या लागत. ‘मलाही हाच प्रॉब्लेम आहे’, ‘काही उत्तर मिळालं का?’, ‘धन्यवाद, सुटला’ आणि कसा सुटला ते कुठेच लिहिलेलं नसे. काही ठिकाणी उत्तर पैसे भरल्याशिवाय दिसत नसे. या दोघांनी ठरवलं, की गप्पा काढून टाकायच्या. एक प्रश्न, त्याखाली उत्तरं, सगळ्यात चांगलं उत्तर मतांनी वर. आणि ते सगळं प्रश्न विचारणाऱ्यासाठी जेवढं, त्याहून कितीतरी अधिक नंतर शोधत येणाऱ्या हजारो अनोळखी लोकांसाठी.

हे शेवटचं वाक्य नीट वाच, कारण तुझा सगळा गोंधळ तिथे आहे. तू शिकवणीच्या सरांकडे जावं तशी गेलीस. दारात नमस्कार केलास, शंका सांगितलीस, आधीच आभार मानलेस. आपल्याकडे हीच रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. पण ती जागा शिकवणीची नव्हती, ग्रंथालयाची होती. तिथल्या लोकांच्या लेखी तू आलेली विद्यार्थिनी नव्हतीस, कपाटात लावायला आलेला एक कागद होतीस. म्हणून त्यांनी ‘रिस्पेक्टेड सर’ खोडलं. दहा वर्षांनी तो कागद काढून वाचणाऱ्याला तो नमस्कार नको असतो. त्यांच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की नमस्कार, सही आणि आभार लिहू नका. तू त्यात अपमान वाचलास. मीही तुझ्या जागी तोच वाचला असता, कारण कुणी माझा नमस्कार पुसला तर मला काय वाटेल हे सांगायला नको. त्यांच्या मनात मात्र अपमान नव्हता.

उणे तीनचंही तसंच. ते गुण कागदाला दिलेले असतात. पण हे मी वीस वर्षांनंतर म्हणू शकते. एकोणिसाव्या वर्षी, पहिल्यांदा धीर करून काहीतरी विचारल्यावर, माणूस आणि त्याचा प्रश्न असे वेगळे काढता येत नाहीत. तो प्रश्न म्हणजे तूच होतीस. ज्यांनी तो नियम केला त्यांनी ही गोष्ट फार उशिरा ओळखली.

आणि त्यांनी ती ओळखली, हे तुझ्या सरांना सांग. ‘ते लोक तसेच असतात’ म्हणून विषय संपत नाही. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोचे एक वरिष्ठ अधिकारी जे हॅनलन यांनी जाहीरपणे लिहिलं, की आमची जागा स्वागतशील नाही. नव्याने कोड लिहायला लागलेल्यांना, स्त्रियांना, वर्णाने वेगळ्या असलेल्यांना आणि समाजात आधीच कडेला असलेल्यांना इथे शत्रुत्व आणि उच्चभ्रूपणा जाणवतो, आणि हे बदलायला हवं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता आली. पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी ‘नवा सहभागी’ अशी खूण दिसायला लागली, म्हणजे समोरच्याने जरा सांभाळून बोलावं. २०१९ मध्ये प्रश्नाला मिळणाऱ्या एका पसंतीचे गुण पाचाचे दहा झाले, उत्तराइतकेच. २०२४ मध्ये नव्यांचे काही प्रश्न आधी वेगळ्या अंगणात घ्यायला सुरुवात झाली. तिथे अनुभवी लोक प्रश्न दुरुस्त करायला मदत करतात आणि मग तो सगळ्यांसमोर जातो. हे अंगण दहा वर्षं आधी असतं तर किती जण टिकले असते, असं मला राहून राहून वाटतं.

पण त्याच २०१९ मध्ये एक उलटी गोष्टही झाली. प्रश्न बंद करायला पूर्वी पाच जणांची मतं लागत, ती तीनवर आली. आणि एखाद्या विषयात सुवर्णपदक मिळवलेला माणूस ‘हा आधी विचारलाय’ म्हणून एकट्यानेच बंद करू शकतो. कामाचा ढीग बघता मला त्याचं कारण समजतं. पण दाराच्या आत आलेल्याला कळायच्या आत दार लागतं, हेही खरं. त्यात नव्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाखाली साधी टिप्पणी करायलाही बरीच वर्षं पन्नास गुण लागत. एखादं उत्तर आवडलं म्हणून वरचा बाण दाबायचा तरी पंधरा लागत. म्हणजे आत येऊन बसता येई, बोलता येत नसे.

आता त्या लिंककडे येऊ. ‘तिथे भलतंच काहीतरी’ असं तू लिहिलंस, आणि तुझ्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य ते आहे.

तो प्रश्न बहुधा ‘इनपुटमधून आलेलं संख्या म्हणून कसं वाचायचं’ या स्वरूपाचा असणार. पायथनमधल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत जास्त वेळा दाखवल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी तो एक आहे. जो माणूस पंधरा वर्षं पायथन लिहितोय त्याला तुझा फोटो बघताच दिसलं, की ही अक्षर आणि संख्या यांची गल्लत आहे. त्याच्या दृष्टीने दोन प्रश्न एकच. पण तुला दिसत होतं दूध. तुला दिसत होती चुकलेली बेरीज. या दोन गोष्टी एकच आहेत हे कळायला आधी उत्तर माहीत असावं लागतं! ज्याला उत्तर माहीत आहे त्यालाच ‘हा तोच प्रश्न’ हे कळतं, आणि ज्याला माहीत नाही त्यालाच आम्ही विचारतो, आधी शोधलं का नाहीस? शोधणार काय? ‘पायथन बेरीज चुकते’ असंच कुणीही शोधेल.

त्यात ती जुनी उत्तरं. त्यांत ‘रॉ इनपुट’ नावाचं काहीतरी सापडलं असेल. ते पायथन २ मधलं आहे, आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तुझ्या संगणकावर पायथन ३ आहे, त्यात ते चालणारच नाही. उत्तरात खाली कुठेतरी आजचा मार्ग लिहिलेला असतो, पण तो वेचून काढायला पायथनचा इतिहास ठाऊक हवा. लिंक देणाऱ्याने एक ओळ जोडली असती, ‘तुझ्या दोन्ही किमती स्ट्रिंग, म्हणजे अक्षरं, आहेत, म्हणून त्या चिकटताहेत, खालच्या पानावर पायथन ३ चा भाग वाच’, तर तू त्याच रात्री प्रोग्रॅम पूर्ण केला असतास. बंद करणं चुकीचं नव्हतं. ती एक ओळ न लिहिणं चुकीचं होतं. नव्याचं स्वागत म्हणजे फार काही नसतं गं, बहुतेक वेळा तेवढी एक ओळच असते.

अशा जागी ‘आधी विचारला गेला आहे’ हा शिक्का हाकलून देण्यासाठी नसतो, तो रस्त्यावरच्या पाटीसारखा असतो. तुझ्यासारखीच दुसरी मुलगी उद्या ‘बेरीज १२१५ येते’ असं शोधेल, तुझ्या बंद प्रश्नावर पोचेल, आणि तिथली पाटी वाचून उत्तराकडे जाईल. म्हणून पुन्हा कधी असं झालं तर प्रश्न डिलीट करू नकोस, दुरुस्त कर. स्टॅक ओव्हरफ्लोवर तर याचा व्यावहारिक तोटाही आहे. उणे गुण पडलेले आणि मग डिलीट केलेले प्रश्न तिथली यंत्रणा मोजत राहते, आणि असे काही साचले की नवा प्रश्न विचारायला बंदी येते. एका प्रश्नाने तसं होत नाही, घाबरू नकोस.

इंग्रजीचं आता. तुझं इंग्रजी वाईट म्हणून प्रश्न बंद झाला का? नाही. व्याकरणाच्या चुका तिथे रोज दुरुस्त केल्या जातात, त्यावरून सहसा कुणी दार लावत नाही. पण आपल्या इंग्रजीत काही शब्द असे आहेत, की ते बाहेर गेले की वेगळेच ऐकू येतात. ‘डाउट’ घे. आपल्या वर्गात डाउट म्हणजे शंका, म्हणजेच प्रश्न. सर तासाच्या शेवटी विचारतात, एनी डाउट्स? पण अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या माणसाला डाउट म्हणजे अविश्वास वाटतो. तो गोंधळतो, की हिला कशाचा संशय आलाय? ‘अर्जंट’ तर फारच बोचतं. तुझ्या मनात असतं, बाबांचं बिल परवा येणार. समोर जो आहे तो नोकरी करून, जेवून, रात्री अकरा वाजता फुकट उत्तरं लिहायला बसलाय. त्याला ऐकू येतं, बाकीचं सोड आणि माझं आधी कर. हे शब्द टाळायचे ते तुझं काही चुकलं म्हणून नाही, ते तुझ्या मनातलं पोचवत नाहीत म्हणून.

आणि ‘सर’. तू स्वतः प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी आहेस, तरी उत्तर देणारा सरच असणार असं तुझ्या हातून आपोआप लिहिलं गेलं. मी तुला दोष देत नाही. मीही कितीतरी वर्षं तसंच लिहीत होते, आणि मला स्वतःला अनोळखी मुलं अजून ‘डिअर सर’ म्हणून लिहितात. पण पुढच्या वेळी ते खोडायचं काम दुसऱ्यासाठी ठेवू नकोस.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी आवृत्त्या आहेत. हिंदी नाही, मराठी नाही, कुठलीच भारतीय भाषा नाही. आपण इतक्या संख्येने हे काम करतो, तरी नाही. म्हणजे ब्राझीलमधली मुलगी आपल्या दुधाचा हिशेब आपल्या भाषेत विचारू शकते आणि तुला मात्र तो आधी भाषांतरित करावा लागतो. ही अडचण खरी आहे, तिला न्यूनगंड म्हणून झटकू नकोस. माझा उपाय साधा आहे: प्रश्न आधी वहीत मराठीत लिही. मराठीत लिहिताना तुझं तुलाच कळेल की नेमकं काय अडलंय. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. उरलेला छोट्या छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत उतरव.

तुझा प्रश्न मी लिहिला असता तर असा. शीर्षक: पायथन ३ मध्ये दोन संख्या बेरजेऐवजी शेजारी जोडल्या जातात. मग, मी वापरकर्त्याकडून दोन आकडे घेते आणि त्यांची बेरीज छापते. त्याखाली कोड, फोटो नाही, अक्षरांत, फक्त तीन ओळी, सकाळ घेणारी, संध्याकाळ घेणारी, बेरीज छापणारी. गाईंची नावं, तारीख, मेनू हे सगळं काढून टाकलेलं. त्याखाली, मी १२ आणि १५ दिले. मला २७ अपेक्षित होतं. मिळालं १२१५. एरर येत नाही. शेवटी, मी दोन्ही व्हेरिएबल वेगवेगळी छापून पाहिली, ती १२ आणि १५ अशीच दिसतात, म्हणून गोंधळ होतोय. बस. ‘तुम्ही काय प्रयत्न केला’ याचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आलं. दोन दिवस तू जे डोकं लावलंस ते प्रश्नात कुठेच दिसत नव्हतं, म्हणून त्या माणसाने तसं विचारलं असावं.

फोटो का नको? फोटोतला कोड उचलून चालवून बघता येत नाही, शोधात सापडत नाही, आणि जे प्रोग्रॅमर डोळ्यांनी पाहू शकत नाहीत, स्क्रीन रीडरने ऐकतात, त्यांना तो वाचताच येत नाही. हे कारण मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर मी हा नियम कुरकुरत नाही, आनंदाने पाळला असता.

कोड तीन ओळींवर आणणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं काम आहे. एकेक ओळ काढायची, चालवायचं, चूक अजून येते का बघायचं. ज्या ओळीनंतर चूक नाहीशी होते, चोर तिथे. नोकरीत गेल्यावरही तू हेच करशील.

आता एक गोष्ट माझी, कारण तुला वाटत असेल ताई दोन्ही बाजूंनी बोलतेय. मी दोन्ही बाजूंना राहिलेय. २००३ च्या आसपास मी एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवर चालणाऱ्या गटात, पहिला प्रश्न विचारला होता. उत्तर आलं चार इंग्रजी अक्षरांचं. त्यांचा अर्थ असा, की आधी माहितीपुस्तिका वाच, आणि मध्ये एक शिवी. मला ती अक्षरं कळली नाहीत, मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला अर्थ विचारला, तो हसला. त्यानंतर दीड वर्ष मी कुठेही काहीही विचारलं नाही. एकेक गोष्ट जी दहा मिनिटांत कळली असती, तिच्यावर आठवडे घालवले.

आणि तरीही, नऊ-दहा वर्षांनी, मी स्वतः उत्तरं द्यायला लागल्यावर, एका मुलाच्या प्रश्नाखाली लिहिलं, ‘हे शोधलं तर पहिल्याच ओळीत सापडतं.’ त्या दिवशी असे पंचवीस-तीस प्रश्न वाचून मी थकले होते. माझ्या त्या वाक्याला पाच जणांनी पसंती दिली आणि मला बरंही वाटलं. काही महिन्यांनी कशावरून तरी आठवण होऊन मी त्याचं पान उघडलं. एक प्रश्न, शून्य उत्तरं, आणि शेवटचं दर्शन त्याच दिवशी. तो मुलगा परत आलाच नव्हता. त्याचं नाव मला आठवत नाही, ते वाक्य आठवतं. तेव्हापासून मी एक ठरवलंय: थकले असेन तर खिडकी बंद करायची, टिप्पणी लिहायची नाही.

तो थकवा मात्र खरा असतो, तेवढं समजून घे. युजनेट नावाचं जुनं चर्चांचं जाळं होतं, तेव्हा दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवी मुलं येत आणि रीत न कळता प्रश्नांचा पाऊस पाडत. जुने लोक महिनाभर त्यांना शिकवत, मग सगळं शांत होई. १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या, घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सगळ्या ग्राहकांना तिथे प्रवेश दिला, आणि तिथले लोक म्हणू लागले, की १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही. रोज नवे येतात, शिकवणारे तेवढेच राहतात, आणि त्यांच्या तोंडून ती एक ओळही निघेनाशी होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ज्याला दमायला झालंय त्याने बाजूला व्हावं, पुढच्याला जखम करू नये.

तिथे जावं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जा, पण पहिलं दार ते नको. शिकवणीसाठी शिकवणीच्या जागी जा. मोफत कोडिंग शिकवणाऱ्या फ्रीकोडकॅम्पचा चर्चेचा कट्टा आहे, तिथे पूर्ण उत्तर न देता पुढची पायरी दाखवायची रीत आहे. रेडिटवर ‘लर्नपायथन’ हा गट खास शिकणाऱ्यांसाठी आहे. पायथनच्या स्वतःच्या अधिकृत चर्चास्थळावर मदतीचा वेगळा विभाग आहे. आणि आपल्या जवळची जागा म्हणजे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प, ज्यात मराठीत समजावलेले धडे आहेत. त्यांच्या प्रश्नांच्या जागी तू धड्याच्या कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला अडलीस ते नोंदवायचं असतं. कुणीतरी विचार करून ठेवलेली ही सोय मला फार आवडते, कारण ‘मला कळलं नाही’ एवढ्यावरच तिथे थांबता येत नाही, कुठे कळलं नाही ते आपोआप सांगितलं जातं.

पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटाने, डीजीपीएलयूजीने, २००८ पासून चॅटवर उन्हाळी वर्ग चालवले. तिथे प्रश्न विचारायचा तर आधी नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं आणि पाळी येईपर्यंत थांबायचं. हात वर करण्यासारखं. नियम तिथेही कडक होते, पण ते पहिल्याच दिवशी सांगितले जात. तुला जिथे ठेच लागली तिथे नियम होता, सांगणारं कुणी नव्हतं.

मैत्रिणीच्या चॅटबॉटबद्दल मला राग नाही. तो रात्री दोन वाजता उत्तर देतो, उणे गुण देत नाही, मराठीतही बोलतो. इंग्रजी प्रश्न नीट करायला त्याची मदत घे, एररचा अर्थ विचार. पण तो चुकीचं उत्तरही तितक्याच गोडपणे आणि खात्रीने देतो, आणि नवशिक्याला ते ओळखता येत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये, चॅटजीपीटी येऊन काही दिवस होतात न होतात तोच, स्टॅक ओव्हरफ्लोने त्याच्याकडून लिहून घेतलेली उत्तरं तिथे टाकायला बंदी केली, ती याच कारणासाठी. म्हणून त्याने दिलेली प्रत्येक ओळ चालवून बघ, १२.५ टाकून बघ, रिकामं टाकून बघ. शिवाय चॅटबॉटशी झालेलं बोलणं तुझ्याच खोलीत राहतं. तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाला १२१५ दिसलं तर तिला ते सापडणार नाही. माणसांच्या नादी लागायचं ते यासाठीही.

तुझ्या बीसीएसच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. तिथे आज रात्री दोन चिठ्ठ्यांची गोष्ट मराठीत लिहून टाक, तीन ओळींच्या कोडसकट, फोटो न काढता. निदान दोघी-तिघींना तरी तेच अडलेलं असेल.

पुढे तू फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) यांवरून दर काढणाऱ्या तक्त्यापाशी अडशील, ते मला आत्ताच दिसतंय. तो प्रश्न वहीत मराठीत लिही, मग इंग्रजीत उतरव, आणि कुठेही टाकायच्या आधी मला पाठव. मी वाचून, काय काढायचं आणि काय ठेवायचं ते सांगेन. आणि या दहा दिवसांचं बाबांचं बिल जुळलं का, तेही कळव.

– ताई